रोप, दोर आणि मोल्सवर्थसाहेब

माझं मराठी कच्चं आहे, हे आधीच कबूल करून टाकते. ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत मी एका कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मराठी हा फक्त एक विषय होता आणि वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागात मी लेख देणार म्हटल्यावर माझी रूममेट पोट धरून हसली. तिला कारणही होतं. फर्स्ट इयरला असताना मी तिच्यासाठी टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, की गॅलरीत रोप बांधलंय, ओले कपडे त्यावर टाक. ती पारनेरची, मराठी मीडियमची. बिचारी कितीतरी वेळ गॅलरीत झाडाचं रोप शोधत होती. ते रोप नव्हे, दोरी, हे मला तिने त्या दिवशी शिकवलं.

तर हा लेख दोरीवर आहे, आणि दोरीमुळे मला भेटलेल्या एका माणसावर. तो माणूस जाऊन दीडशे वर्षं उलटली. त्याचं नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ.

पण आधी आमच्या विहिरीची गोष्ट सांगते, कारण ती झाली नसती तर मी त्या जाडजूड पुस्तकाला हातही लावला नसता. आमचं गाव नेवासे तालुक्यात. बारावीच्या सुट्टीत आम्ही गावी होतो. दुपारच्या वेळी विहिरीच्या कडेला चरणारी कालवड घसरून आत पडली. उन्हाळा असल्यामुळे पाणी कमरेएवढंच होतं, पण आत कपारी आणि दगड. चुलते पायऱ्यांवरून खाली उतरले. आबा, म्हणजे माझे आजोबा, काठावर. त्यांनी मला ओरडून सांगितलं, की पळत जा आणि माळ्यावरचा नाडा घेऊन ये.

मला नाडा एकच माहीत, पायजम्याचा. आबा अशा वेळी ते का मागतायत हे कळेना. विचारायची लाज वाटली. मग अंदाजाने अंगणातली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली आणि तीच घेऊन धावले. आबांनी एकदा दोरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत. शेजारचे काका घरी पळत गेले आणि मनगटाएवढा जाड दोर खांद्यावर टाकून आले. कालवड निघाली वर, पण मधल्या वेळात तिने धडपडून मागचा पाय कपारीत घातला होता. ती अजून लंगडते. मला कुणी त्याबद्दल एक शब्द बोललेलं नाही, हेच जास्त लागतं.

सेकंड इयरला लायब्ररीत रेफरन्सच्या कपाटात, कुणी न उघडलेल्या रांगेत, मला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दिसला. मूळ कोश १८५७ चा, पुण्यात १९७५ साली पुन्हा छापलेला. माझ्यासारखीला सोयीचा, कारण शब्द मराठी आणि अर्थ इंग्रजीत. 'नाडा' शोधायचं ठरवलं. पण त्यासाठी क, ख, ग, घ करत बोटांवर मोजत 'न' पर्यंत पोचावं लागलं. (हसू नका. एबीसीडी उलटी म्हणून दाखवते, पण 'ढ' नंतर 'ण' की 'त' यात माझा अजूनही घोळ होतो.) नाडा सापडला. मोट ओढायचा जाड दोर. हा अर्थ मला इंग्रजीत वाचून कळला, आणि तोही एका साहेबाकडून, हे लिहितानाही विचित्र वाटतं.

मग मी त्या साहेबाच्याच मागे लागले.

मोल्सवर्थसाहेबांचा जन्म १७९५ चा. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. आपण त्या वयात सीईटीचे क्लास करत होतो. त्या काळी फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला शिपायांशी बोलायला इथली भाषा शिकावी लागे. बहुतेक जण हुकूम देण्यापुरती शिकत आणि थांबत. मोल्सवर्थ थांबले नाहीत.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि आपला नगर जिल्हा धरून सगळा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. आता सारा वसूल करायचा, तंटे सोडवायचे, पाटील-कुलकर्ण्यांचे कागद वाचायचे. शब्दच कळत नाहीत तर राज्य कसं चालवणार? तेव्हा मराठीचे छापील कोश होते, पण अगदी थोडे. विल्यम केरी यांचा १८१० चा, तोही दूर बंगालात श्रीरामपूरला छापलेला, आणि व्हान्स केनेडी यांचा १८२४ चा. दोन्ही कोश कामाच्या मानाने फार लहान. मोल्सवर्थ यांनी मोठा कोश करायचा घाट घातला. १८२५ मध्ये मुंबई सरकारने हे काम मान्य केलं. एल्फिन्स्टन तेव्हा गव्हर्नर होते. मदतीला थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ, दोघेही लेफ्टनंट. आणि त्यांच्याबरोबर शास्त्रीमंडळी.

काम कसं चाले, ते मला फार आवडलं. संस्कृत कोश समोर ठेवून उतरवून काढणं सोपं होतं, तसं त्यांनी केलं नाही. बोलण्यातले शब्द गोळा करायचे, मग ते मंडळींसमोर ठेवून तपासायचे. हा शब्द कोण वापरतो? कोकणात चालतो की देशावर? बोलतात की फक्त कवितेत येतो? थट्टेत म्हणतात की रागात? आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक शब्दाची टेस्टिंग. १८३१ मध्ये मुंबईत पहिली आवृत्ती छापून निघाली, सुमारे ४०,००० शब्दांची. तेव्हा साहेब कॅप्टन होते, वय छत्तीस.

आता मूळ मुद्द्यावर येते. माझ्या डोक्यात एक इंग्रजी नाम होतं, रोप, आणि त्याला मराठी शब्द एक, दोरी. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिनॉनिम्सची यादी पाठ करायला लावायचे. समानार्थी म्हणजे एक काढला आणि दुसरा बसवला तरी चालतं, असं मी समजत होते. मोल्सवर्थ चाळायला लागल्यावर हे गणित बिघडलं. 'रोप'साठी किती शब्द मिळतात बघा. दोरा, दोरी, दोर, दोरखंड ही एकाच घरातली भावंडं, नुसती जाडी वाढत जाते. सुतळी तागाची किंवा अंबाडीची, पोतं शिवायची. सुंभ काथ्याचा, आणि तो जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपल्या हॉस्टेलमधल्या काही जणांना तंतोतंत लागू पडते. दावं म्हणजे गुरं बांधायचं. कासरा बैल हाकताना हातात धरायचा. वेसण बैलाच्या नाकातली. चऱ्हाट म्हणजे लांबच लांब दोर, आणि म्हणूनच न संपणाऱ्या बोलण्यालाही चऱ्हाट. (उदाहरण देणार होते, पण इंटर्नलचे मार्क अजून लागायचे आहेत.) मी 'दावं' शोधत होते आणि मिळत नव्हतं. मग कळलं की त्या काळच्या लिहिण्याप्रमाणे ते 'दावें' असं छापलंय.

यातला एक काढून दुसरा बसवून बघा. बैलाच्या नाकात दावं घालता येत नाही. सुतळीने म्हैस बांधली तर ती तासाभरात शेजारच्या उसात. बोल्ट, स्टड आणि स्क्रू यांना आपण वर्कशॉपमध्ये कधी एकच म्हटलंय का? व्हायवाला म्हणून बघा, सर काय करतात ते.

आणखी एक गंमत. संस्कृत 'रज्जू' म्हणजेही दोरच. पण गाय रज्जूने बांध असं कोणी म्हटलं तर गाय पण हसेल. रज्जू राहिला तो बायोलॉजीत, मज्जारज्जूमध्ये. रस्सी म्हटलं की आपल्या गॅदरिंगची रस्सीखेच, आणि दोर कापले म्हटलं की सिंहगड. घरातल्या बोलण्यात कासरा तर वेळ मोजायलाही येतो. आबा अजून म्हणतात, दिवस कासराभर वर आला की निघू. सूर्य क्षितिजापासून एका कासऱ्याच्या लांबीइतका वर. मी एकदा त्याचं अंशांमध्ये रूपांतर करायला बसले होते, रूममेटने जेवायला ओढून नेलं.

पण सगळ्यात भारी मला नाडाच वाटतो, कारण तो एकटा नसतो. आबांनी मला मोट समजावून सांगितली तेव्हा मी कागदावर त्याचं डायग्राम काढलं. मोट म्हणजे चामड्याची मोठी बादली, वरचं तोंड रुंद आणि खाली हत्तीच्या सोंडेसारखी उघडी नळी. तिला दोन दोर. रुंद तोंडाला बांधलेला जाड तो नाडा, तो उंचावरच्या चाकावरून जातो. सोंडेच्या टोकाला बांधलेला बारीक तो सोंदूर, तो खाली विहिरीच्या काठाला बसवलेल्या आडव्या लाटेवरून जातो. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली चालत गेले की मोट वर येते. वर येताना सोंड वर दुमडलेली असते, त्यामुळे पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की नाडा तोंडाला आणखी वर ओढतो आणि सोंदूर सोंडेला आडवं काठावर आणतो. सोंड खाली पडते, पाणी आपोआप थारोळ्यात ओतलं जातं, तिथून पाटाने शेतात. रक्ताच्या थारोळ्यात असं आपण पेपरमध्ये वाचतो, ते थारोळं हे. विहिरीशी दुसरा माणूस लागत नाही, व्हॉल्व्ह नाही, सेन्सर नाही. सगळी करामत दोन दोरांच्या लांबीत आणि दोन चाकांच्या उंचीत. नाडा आणि सोंदूर यांची मापं चुकली तर पाणी परत विहिरीत आणि बैलांची फेरी फुकट. इंग्रजीत दोन्ही रोपच. थिअरी ऑफ मशीन्समध्ये हे मेकॅनिझम का शिकवत नाहीत, हा प्रश्न मी सरांना विचारला आहे. ते हसले, पण डायग्राम ठेवून घेतलं.

साहेबांच्या आयुष्याकडे परत येते. मराठी-इंग्रजी झाल्यावर त्यांनी उलटा, इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला. म्हणजे एका इंग्रजी नामापुढे मराठी शब्दांची रांग लावायची. माझ्यासारखीला हवा तो हाच. पण तब्येतीने साथ दिली नाही. इतक्या वर्षांच्या कामाने आणि इथल्या हवेने ते खचले आणि १८३६ मध्ये काम अर्धवट टाकून मायदेशी परतले. पुढे थॉमस कँडी यांनी तो कोश पुरा केला आणि १८४७ मध्ये तो निघाला. आराखडा मोल्सवर्थ यांचा आणि पूर्तता कँडींची, असं नावाच्या पानावर स्वच्छ नोंदवलेलं आहे. (हेच कँडी पुढे पुण्याच्या कॉलेजचे प्रमुख झाले. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा. माझ्या या लेखात ती चिन्हं चुकली असतील तर दोष त्यांचा नाही.)

मोल्सवर्थ अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती होते. लढाईची नोकरी आणि ख्रिस्ताची शिकवण यांचा मेळ त्यांना बसेना, म्हणून त्यांनी लष्करी पेन्शनही सोडून दिलं असं सांगतात. पैसा नाही, तब्येत नाही. अशा माणसाने घरी गप्प बसायला हरकत नव्हती. पण १८५१ मध्ये सरकारने कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी बोलावलं आणि छप्पन्न वर्षांचे साहेब समुद्र ओलांडून परत आले. सुवेझ कालवा तेव्हा झालेला नव्हता. तो १८६९ चा.

पुढची सहा वर्षं ते एकाच पुस्तकावर बसले. मला जे एका रात्रीत सबमिशन आटोपायची सवय आहे, त्या सवयीला हे कळणं कठीण आहे. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती आली. नऊशेच्या वर मोठी पानं, सुमारे ६०,००० शब्द. सुरुवातीला मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांचा मराठी भाषेवरचा लेख. ज्या वर्षी उत्तरेत कंपनीच्या राज्याला आग लागली, त्याच वर्षी सरकारसाठी छापलेला हा कोश निघाला.

इथे मला एक खटकतं ते लिहिते. पटलं नाही तर हॉस्टेलला येऊन भांडा.

नावाच्या पानावर तीन नावं आहेत, तिन्ही इंग्रजांची. ज्या शास्त्र्यांनी शब्द आणले आणि पारखले त्यांचं नाव तिथे नाही. त्याच्याही मागे जाऊन विचार करा. नाडा, सोंदूर, कासरा, दावं हे शब्द शास्त्र्यांच्या तरी घरातले कुठे? ते शेतकऱ्याचे. आणि मुळात दोर वळणाऱ्यांचे. गावगाड्यात दोर वळायचं काम मातंग समाजाकडे होतं. घायपात, ज्याला आमच्याकडे केकताड म्हणतात, त्याची पानं पाण्यात कुजवायची, झोडपायची, वाख काढायचा, एका बाजूला पीळ देऊन पेड करायचा आणि मग ते पेड उलट्या पिळाने एकत्र वळायचे, म्हणजे दोर सुटत नाही. मशीन डिझाइनमध्ये आपण सहा बाय एकोणीसचा वायर रोप शिकतो, सहा पेड आणि प्रत्येकात एकोणीस तारा, तिथेही हीच युक्ती. तारा बदलल्या, पीळ तोच.

मोल्सवर्थ यांच्या कोशात बलुतेदार या शब्दाखाली बारा बलुतेदारांची यादी त्यांच्या पायरीसकट दिली आहे, आणि त्यात मांग पहिल्या ओळीत आहेत, सुतार-लोहारांच्या बरोबर. गावाला त्यांच्याशिवाय चालत नव्हतं, नांगर नाही, मोट नाही, गाडी नाही. तरीही त्यांनी वळलेल्या दोराने काढलेलं पाणी त्यांना त्या विहिरीवर भरता येत नव्हतं. साहेब दुसऱ्या आवृत्तीवर काम करत होते त्याच काळात, १८५५ मध्ये, मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मातंग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्ञानोदय सुरू झालं ते आपल्याच नगरात, १८४२ साली. दोन्ही पुस्तकी कामं एकाच काळातली आणि एकाच भाषेतली. तिच्याशी कोशवाल्यांपैकी कोणी कधी बोललं असेल असं मला वाटत नाही. बोलले असते तर दोराखाली आणखी किती शब्द आले असते!

तरीसुद्धा साहेबांना मी दोष देऊ शकत नाही. शब्द गावंढळ आहे म्हणून त्यांनी तो गाळला नाही. कडकड, खळखळ, धाडधाड असे आवाजाचे शब्दसुद्धा मान देऊन घेतले. माझ्या शाळेत ज्या भाषेला रुपया दंड होता, तिच्यासाठी या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षं आणि नंतर म्हातारपणाची वर्षंही दिली.

१८६० मध्ये ते कायमचे इंग्लंडला गेले आणि १८७१ मध्ये तिथेच वारले. त्यांचं पुस्तक मात्र थांबलं नाही. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याची छोटी आवृत्ती काढली. दाते-कर्वे यांनी १९३२ पासून सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश काढला, त्यालाही मोल्सवर्थचा आधार होता. आता तर शिकागो विद्यापीठाने अख्खा कोश इंटरनेटवर टाकलाय. हॉस्टेलचं वायफाय चालू असेल तर बघा. मला मात्र लायब्ररीतलं जाड पुस्तकच आवडतं, कारण एक शब्द शोधताना शेजारचे चार दिसतात.

आमच्या गावची मोट बंद पडून पन्नासच्या वर वर्षं झाली. आधी ऑइल इंजिन आलं, मग वीज, मग सबमर्सिबल. सोंदूर केव्हाच गेला, नाडा मात्र माळ्यावर राहिला, विहिरीत कोणी पडलं तर असावा म्हणून. गेल्या दिवाळीत मी तो खाली काढून बघितला. तीन पेडी, केकताडाचा, अजून घट्ट. आबांना विचारलं, हा कोणी वळला? त्यांनी गावातल्या एका मातंग आजोबांचं नाव सांगितलं, जे वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मग मी वही घेऊन बसले आणि आबांना दोराची जेवढी नावं येतात तेवढी सांगायला लावली. चौदा झाली. सहा मी याआधी कधीच ऐकलेली नव्हती. पंधराव्याला आबा अडले. कडब्याने भरलेल्या गाडीवरून आडवा टाकून आवळायचा जो दोर असतो, त्याला त्यांच्या लहानपणी वेगळं नाव होतं, ते ओठावर येईना. शेजारच्या काकांच्या आईला विचारून फोन करतो म्हणाले.

फोन अजून आलेला नाही. वहीत पंधरा आकडा लिहून पुढची जागा मी मोकळी ठेवली आहे.